हिवाळी समुद्रतट आणि उघड्यावरील चित्रण

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (1840–1926) याच्या अनेक चित्रांच्या शीर्षकांत ‘एफे द नेज’ हा शब्दप्रयोग आढळतो. मराठीत त्याचे भाषांतर सामान्यतः ‘हिमदृश्य’ असे केले जाईल. परंतु त्यामुळे मूळ अर्थाचा महत्त्वाचा अंश गळून पडतो. ‘नेज’ म्हणजे बर्फ आणि ‘एफे’ म्हणजे परिणाम. चित्राचा विषय बर्फ ही वस्तू नसून, विशिष्ट क्षणीच्या प्रकाशात बर्फाचा डोळ्यांवर होणारा परिणाम हा होय. वस्तू स्मरणाने रेखाटता येते. परिणाम मात्र समोर असतानाच टिपावा लागतो. चित्रकाराने थंडीत बाहेर का बसावे, या प्रश्नाचे उत्तर या एका शब्दात सामावलेले आहे.

उघड्यावरील तैलचित्रण एकोणिसाव्या शतकात सुकर झाले. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 साली रंगासाठी कथिलाच्या दाबनळीचे एकस्व घेतले. त्यापूर्वी तयार तैलरंग बाहेर नेण्यासाठी मूत्राशयाच्या पिशव्या वापरीत. त्या फुटत आणि एकदा उघडल्यावर रंग लवकर वाळे. नळीमुळे ही अडचण दूर झाली. थंडीची अडचण मात्र कायम राहिली. जलरंगातील पाणी शून्य अंशाखाली कागदावरच गोठू लागते. जवसाचे तेल तेवढ्या थंडीत गोठत नाही, परंतु ते घट्ट होते. शिवाय तैलरंग वाळतो तो पाणी उडून जाऊन नव्हे, तर तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन. आणि ही क्रिया थंडीत मंदावते. परिणामी खालचा थर ओला असतानाच वरचा द्यावा लागतो, व रंग परस्परांत मिसळून मळकट होण्याचा धोका संभवतो. सुटे, ठाशीव फटकारे हा त्यावरील एक व्यवहार्य उपाय ठरतो.

मोनेने ही थंडी कशी सोसली, याचे तत्कालीन वर्णन उपलब्ध आहे. लेआँ बियो या पत्रकाराने 1868 च्या ऑक्टोबरात ल हाव्र येथील वृत्तपत्रात लिहिले, की कडाक्याच्या थंडीत आपल्याला प्रथम पाय शेकण्याची शेगडी दिसली, मग चित्रफलकाची घोडी आणि अखेरीस तीन डगले व हातमोजे घातलेला, चेहरा अर्धवट गारठलेला चित्रकार. त्यानंतरच्या हिवाळ्यात, 1868–69 मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रता गावी मोने राहिला. ‘ला पी’ हे बर्फाच्छादित कुंपणाचे चित्र तेथल्या मुक्कामातील होय. त्यातील सावल्या काळ्या नसून निळसर आहेत. सूर्याचा थेट प्रकाश जेथे पोचत नाही, तेथे बर्फावर निळ्या आकाशाचा प्रकाश पडतो, हे त्याचे कारण. 1869 च्या सालों प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

एत्रता सुमारे 49.7 अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. डिसेंबरातील अयनदिनी तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर येतो व दिवस सुमारे आठ तासांचा असतो. सावल्या दिवसभर लांब राहतात, आणि समुद्रावरील ढगांमुळे उजेड घटकेघटकेला पालटतो. म्हणून मोने एकाच दृश्याचे अनेक फलक घेऊन आळीपाळीने काम करी. 1885 साली एत्रता येथे पाच-सहा फलक वाहून नेणारी मुले त्याच्यामागून चालत, असे मोपासाँने 1886 मधील लेखात नोंदविले आहे.

या पद्धतीत जिवाला धोकाही होता. 1885 च्या नोव्हेंबरात मानपोर्त या कड्याच्या कमानीजवळ मोने चित्रात गढून गेला होता. ओहोटी चालू आहे असा त्याचा समज होता. वस्तुतः भरती येत होती. एका लाटेने त्याला कड्यावर आदळले व नंतर पाण्यात ओढले. तो कसाबसा वाचला, परंतु चित्र, घोडी व साहित्य समुद्राने नेले. तरीही तो हे काम सोडून परतला नाही. 1895 च्या हिवाळ्यात, वयाच्या 54व्या वर्षी, तो नॉर्वेत सांडविका येथे बर्फातच चित्रे काढीत होता.

तथापि ‘उघड्यावरील चित्र’ या संज्ञेचा अर्थ काटेकोरपणे घेणे योग्य नव्हे. मोनेने अनेक फलक घरी आणून चित्रशाळेत पूर्ण केले, हे त्याच्या पत्रांवरून सिद्ध आहे. बाहेर काम झाल्याचा भौतिक पुरावाही काही वेळा सापडतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्रूव्हील किनाऱ्याच्या 1870 च्या उन्हाळी चित्रात रंगामध्ये वाळूचे कण रुतलेले आहेत. परंतु वाळू चित्राचा आरंभ कोठे झाला एवढेच सांगते. शेवटचा फटकारा कोठे मारला गेला, हे ती सांगू शकत नाही. तेव्हा थंडीत सोसलेले कष्ट हे चित्राच्या श्रेष्ठतेचे प्रमाण मानता येणार नाही. त्या कष्टांनी चित्रकाराला जे पाहावयास मिळाले, ते फलकावर उतरले की नाही, हीच खरी कसोटी. आणि ‘एफे’ या शब्दाचा रोखही तोच आहे.