कारखान्याचें तेलकट सांडपाणी व त्याचा शेतीस उपयोग

साखर-कारखान्यांतून बाहेर पडणारें सांडपाणी शेतास द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न गाळपाच्या हंगामांत पुष्कळ बागाइतदारांपुढें उभा राहतो. हंगाम सरत येतो तसतशी विहिरींची पातळी खालीं जाते, उभें पीक पाण्यावांचून सुकूं लागतें, आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेर तर पाण्याचा पाट वाहत असतो. तथापि त्या पाण्यावर रंगीबेरंगी तवंग दिसला कीं मन कचरतें. हें कचरणें योग्यच होय. परंतु असें पाणी सरसकट घेणें व सरसकट नाकारणें हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. पाण्यांत तेल कोठून येतें, तें कसें काढतां येतें, व कितपत राहिलें असतां चालतें, हें नीट समजून घेणाऱ्यास निर्णय करणें अवघड जाणार नाहीं.

ऊंस हा वजनानें सुमारें ७० टक्के पाणीच असतो. यामुळें रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यांत नुसत्या उंसाबरोबर सुमारें ३५ लक्ष लिटर पाणी दररोज येतें. रस आटवितांना त्याची वाफ होते व ती गार झाली कीं पुन्हां पाणी मिळतें. हें पाणी मूळचें बरेंच स्वच्छ असतें. तेल मिसळतें तें मुख्यत्वेंकरून चरकांच्या दालनांत. चरकांच्या बेअरिंगांस व दांतेरी चाकांस अखंड वंगण द्यावें लागतें. तें गळून फरशीवर सांडतें, आणि फरशी पाण्यानें धुतली कीं गटाराच्या वाटेनें सर्व सांडपाण्यांत पसरतें. म्हणजे थोडेंसें तेल पुष्कळशा पाण्यास बिघडवितें.

तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें तें आपोआप वर येईल, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. तेलाचा थेंब किती वेगानें वर येईल हें त्याच्या आकारावर अवलंबून असतें. थेंबाचा व्यास निम्मा झाला तर वेग चौथाई होतो. व्यास दहावा हिस्सा झाला तर वेग शंभरावा हिस्सा होतो. पाण्याच्या नऊ-दशांश घनतेच्या तेलाचा ०.१५ मिलिमीटर व्यासाचा थेंब स्थिर पाण्यांत एक मीटर वर चढण्यास सुमारें १४ मिनिटें घेतो. तोच थेंब फुटून ०.०१५ मिलिमीटरचा झाला तर त्यास जवळजवळ एक अहोरात्र लागतें. पंपांत घुसळलेलें, अथवा साबण किंवा कॉस्टिक सोडा यांशीं मिसळलेलें तेल याहूनही बारीक होतें व पाणी दुधासारखें गढूळ दिसूं लागतें. असें तेल केवळ निवळत ठेवून वेगळें होत नाहीं. यावरून उघड होतें कीं, तेल फुटण्यापूर्वीं, जेथें गळतें त्याच्या जवळच धरणें हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

हें काम साध्या कुंडीनें होतें. चरकांच्या दालनांतील गटार इतर गटारांस मिळण्यापूर्वींच एका लांबट कुंडींत सोडतात. कुंडींत एक आडवी भिंत अशी बांधतात कीं तिचा माथा पाण्याबाहेर राहावा व तळाशीं वाट मोकळी असावी. पाणी संथपणें भिंतीखालून पुढें जातें, तेल वरच अडतें, आणि गाळ तळाशीं बसतो. साचलेलें तेल रोज काढून पिंपांत भरावें व परवाना असलेल्या शुद्धीकरण करणारांस द्यावें. कुंडी बांधून ठेवली परंतु तेल काढलें नाहीं, तर जोराचें पाणी येतांच सांचलेलें सर्व तेल एकदम पुढें वाहून जातें. दुधाळ झालेल्या पाण्यास तुरटीसारखें द्रव्य देऊन बारीक थेंब एकत्र आणावे लागतात, व खालून हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडून ते वर आणतात. हा उपाय खर्चाचा आहे.

यापुढें साखरेच्या अंशानें दूषित झालेलें पाणी जंतूंच्या साहाय्यानें शुद्ध करतात. कांहीं टाक्यांत हवेवांचून वाढणारे, व पुढील टाक्यांत हवेवर जगणारे जंतु हें काम करतात. तेल तेथवर पोहोंचलें तर जंतूंच्या पुंजक्यांवर त्याचें पूट चढतें, त्यांस प्राणवायु मिळत नाहीं, आणि सर्वच शुद्धीकरण मंदावतें. आरंभींच्या लहानशा कुंडीकडे झालेलें दुर्लक्ष असें शेवटच्या टाकीपर्यंत भोंवतें.

आतां जमिनीचा विचार करूं. तेल मातीच्या कणांवर बसलें म्हणजे माती पाणी नीट शोषीत नाहीं, कणांमधील पोकळ्या बुजतात आणि मुळांस हवा कमी पडते. मातींतील जंतु तेल हळूहळू कुजवितात खरे, परंतु तें करतांना ते जमिनींतील नत्र स्वतःच्या वाढीस घेतात. त्यामुळें पीक पिवळें पडतें. हिशेब पाहा. एका हेक्टरास रोज ५० घनमीटर पाणी दिलें, व त्यांत लिटरमागें १० मिलिग्रॅम तेल असलें, तर १५० दिवसांत जमिनीवर ७५ किलो तेल पडतें. कुंडी बिघडून तेंच प्रमाण १०० मिलिग्रॅम झालें तर ७५० किलो! जमीन पहिला भार पचवूं शकेल. दुसरा भार वर्षानुवर्षें टाकणें म्हणजे जमीन गमावण्याची तयारी होय.

केंद्र सरकारनें २०१६ सालीं साखर-कारखान्यांसाठीं जे नियम केले, त्यांत तेल व स्निग्ध पदार्थांची मर्यादा लिटरमागें १० मिलिग्रॅम हीच ठेविली आहे. जमिनीच्या पोतानुसार पाणी किती द्यावें हेंही त्यांत सांगितलें आहे: वालुकामय जमिनीस हेक्टरीं दररोज २२५ ते २८० घनमीटर, तर चिकण जमिनीस अवघें ३५ ते ५५ घनमीटर. आपल्या काळ्या रानाच्या मालकानें हा दुसरा आंकडा विसरूं नये. शिवाय आटवणीच्या भांड्यांतील खपली काढण्यास वापरलेल्या कॉस्टिक सोड्याचें पाणी निराळें धरलें पाहिजे. कारण त्यांतील सोडियम काळ्या जमिनीची घडण मोडतो.

पाणी स्वच्छ राहण्यांत कारखान्याचाही लाभ आहे. गारलेलें पाणी तेलापासून जपलें तर तें चरकावरील चोथ्यावर शिंपडण्यास व यंत्रें थंड ठेवण्यास पुन्हां कामास येतें, आणि नदीचें वा कालव्याचें तितकें पाणी वांचतें. बॉयलरच्या पाण्यांत मात्र तेलाचा अंशही नसावा, कारण नळ्यांवर तेलाचा थर बसला कीं उष्णता पाण्यास नीट पोहोंचत नाहीं व नळ्या तापून निकामी होतात.

शेतकऱ्यास घरच्या घरीं एक परीक्षा करतां येते. पाण्याचा थेंब कागदावर टाकून वाळवावा. पाणी उडून गेल्यावर पारदर्शक डाग राहिला तर तेल पुष्कळ आहे असें समजावें व तें पाणी घेऊं नये. डाग न राहिल्यास मात्र पाणी शुद्धच आहे असें मानूं नये. खरें प्रमाण प्रयोगशाळेंतच कळतें, व तो अहवाल मागून घ्यावा.

प्रवरानगर येथें १९५०-५१ च्या हंगामांत शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील पुष्कळ कारखान्यांचा मालक हा ऊंस पिकविणारा सभासदच आहे. सांडपाणी ज्याच्या शेतांत जातें तोच वार्षिक सभेंतही बसतो. उंसाच्या भावाविषयीं आपण तेथें हक्कानें विचारतों. तितक्याच हक्कानें तेलाची कुंडी रोज साफ होते कीं नाहीं, हेंही विचारावें. भाव दरसाल बदलतो. जमीन बिघडली तर ती सुधारण्यास कित्येक वर्षें लागतात.