पतंग नव्हते की सापळाच बंद होता? कॅमेरा-सापळ्यातील मेमरी कार्डाची व्होल्टेज-अडचण

विदर्भातील कापूस उत्पादकांना गुलाबी बोंडअळीची ओळख करून देण्याची गरज नाही. २०२१ च्या हंगामात या किडीने पंजाबमधील भटिंडा व मानसा जिल्ह्यांतही मोठे नुकसान केले. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज सरासरी ८ नर पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजून उपाययोजना करावी लागते. अळी एकदा बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या तीन दिवसांच्या नोंदींना फार महत्त्व आहे.

ही मोजणी करण्यासाठी सिंगल बोर्ड संगणक आणि कॅमेरा बसवलेले सापळे आता वापरात येत आहेत. गेल्या हंगामात चंदीगडहून आम्ही अशाच एका चाचणी-सापळ्याच्या नोंदी पाहत होतो. सलग तीन रात्री पतंगांची संख्या शून्य होती. चौथ्या दिवशी सहकारी शेतात गेला, तेव्हा सापळ्यात पतंग होते. संगणकाचा दिवा लागलेला होता, परंतु रात्रीच्या स्वयंचलित रीबूटनंतर संगणक सुरूच झालेला नव्हता. छायाचित्र न आल्याने तक्त्यातील रिकाम्या रकान्यांत शून्य भरले गेले होते. वीजजोडणी काढून पुन्हा लावताच यंत्र सुरळीत चालू लागले.

असे का घडते?

मेमरी कार्डाला ३.३ व्होल्टचा वीजपुरवठा मिळतो आणि सुरुवातीला संगणकाशी होणारी संदेशांची देवाणघेवाणही ३.३ व्होल्टवरच होते. यूएचएस प्रकारच्या वेगवान कार्डांत ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर संदेशवाहिन्या १.८ व्होल्टवर नेल्या जातात. मात्र ३.३ व्होल्टवर परत येण्याची कोणतीही आज्ञा कार्डाला देता येत नाही. त्यासाठी कार्डाचा वीजपुरवठाच तोडावा लागतो. मानकानुसार तो किमान १ मिलिसेकंद ०.५ व्होल्टच्या खाली गेला पाहिजे.

रीबूटमध्ये प्रोसेसर नव्याने सुरू होतो, परंतु अनेक बोर्डांवर कार्डाची वीज तशीच राहते. प्रोसेसर ३.३ व्होल्टवर हाक देतो आणि कार्ड अजून १.८ व्होल्टवरच असते. कार्डाचा प्रतिसाद न मिळाल्याने यंत्र तेथेच अडते. प्रोसेसरमधील वॉचडॉगही असाच रीबूट करतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

निदान कसे करावे?

वीज काढून जोडल्यावर यंत्र दर वेळी सुरू होते, पण रीबूट केल्यावर अडते, असे दिसल्यास या दोषाची शक्यता सर्वाधिक असते. वीज काढून जोडल्यावरही यंत्र सुरू होत नसेल, तर कार्ड किंवा त्यावरील फाइली खराब झाल्या आहेत का, हे तपासावे. यंत्र वाटेल तेव्हा बंद पडत असेल, तर बॅटरी, वायर व सौर पॅनेल पाहावे.

उपाय

१. उत्पादकाने दिलेले बूटलोडर व कर्नेलचे अद्ययावत रूप बसवावे. कार्डाची वीज बंद-चालू करण्याची सोय बोर्डावर असल्यास हा दोष अनेकदा एवढ्यानेच दूर होतो. रास्पबेरी पाय ४ मध्ये अशी सोय आहे. पाय ३ व त्याआधीचे बोर्ड ३.३ व्होल्टवरच काम करतात, त्यामुळे त्यांत हा प्रश्न येत नाही.

२. अशी सोय नसल्यास तंत्रज्ञाकडून डिव्हाइस ट्रीमध्ये १.८ व्होल्टचा वापर बंद करून घ्यावा. त्यामुळे वेग सेकंदाला सुमारे २५ मेगाबाइटपर्यंत मर्यादित होतो. रात्रीतून काही छायाचित्रे साठवण्यास तो पुरेसा आहे.

३. रोजच्या रीबूटऐवजी यंत्र रीतसर बंद करून नंतर बाह्य टायमरने वीज तोडावी व पुन्हा द्यावी. यंत्र चालू असताना वीज तोडू नये, कारण त्यामुळे कार्डावरील फाइली बिघडू शकतात.

४. शेतात हाताने वीज तोडताना यूएसबीने जोडलेली, स्वतंत्र वीज असलेली उपकरणेही काढावीत आणि सुमारे अर्धा मिनिट थांबावे. अन्यथा उरलेल्या विजेमुळे कार्ड पूर्ण बंद होत नाही.

हंगामापूर्वी प्रत्येक सापळा टेबलावर ठेवून, प्रत्यक्ष वापरायचे कार्ड घालून, किमान वीस वेळा रीबूट करून पाहावा. एकदाही अडला तर तो शेतात नेऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी नोंदवहीत ‘शून्य पतंग’ आणि ‘नोंद नाही’ या दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात. सापळ्याने दररोज ‘यंत्र चालू आहे’ असा संदेश पाठवावा. तो न आल्यास त्याच दिवशी शेतात जाऊन पतंग हाताने मोजावेत. फवारणीचा निर्णय शेतकरी या आकड्यांवर घेतो, म्हणून शून्य लिहिण्यापूर्वी सापळा चालू होता याची खात्री करून घेणे आपले काम आहे.