तापीकाठचा हमाम आणि रोमची स्नानगृहे



सुरतेत तापी आपल्या रोजच्या ओळखीची. हीच नदी वर, भुसावळच्याही पलीकडे, बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याखालून वाहते. आपल्यापैकी बरीच कुटुंबे खानदेशातली, आणि बऱ्हाणपूर ही एकेकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळी मध्यंतरी तिथे जाऊन आलो.

किल्ल्यातला हमाम, म्हणजे शाही स्नानगृह, पाहिला. छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. शाहजहानने तो मुमताजसाठी बांधला असे सांगतात. मुमताजचे निधन १६३१ साली याच गावात झाले. नक्षी पाहून झाल्यावर आमच्यातल्या एकाने साधा प्रश्न विचारला : एवढे पाणी यायचे कुठून आणि तापायचे कसे?

याचे उत्तर शोधताना थेट रोमपर्यंत जावे लागते. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी सार्वजनिक स्नानगृहे होती. प्रवेशाला अगदी किरकोळ नाणे पडे, त्यामुळे गरीबही जात. एक दालन थंड पाण्याचे, एक कोमट, एक कढत. सम्राट कॅराकॅलाच्या नावाचे स्नानगृह इ. स. २१६ मध्ये सुरू झाले. त्यात एका वेळी सुमारे १,६०० माणसे स्नान करू शकत, असा अंदाज आहे.

तापवण्याची युक्ती समजायला आपला तांब्याचा बंब आठवा. त्यात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. रोमन लोकांनी विस्तव आणि धूर जमिनीखालून खेळवला. विटांच्या बुटक्या खांबांवर फरशी उचलून धरायची, बाजूच्या भट्टीतली गरम हवा त्या पोकळीत सोडायची आणि भिंतींतल्या पोकळ विटांमधून वर काढायची. कढत दालनाची फरशी इतकी तापे की लोक लाकडी तळव्यांच्या चपला घालून आत जात.

हीच पद्धत पुढे सीरिया, तुर्कस्तान, इराण असा प्रवास करत हमाम या रूपात आपल्याकडे आली. कपडे बदलण्याची, थंड आणि गरम अशी दालने, पाणी तापवायची भट्टी आणि भिंतींतून नेलेले मातीचे नळ, ही मोगल हमामांची साधारण मांडणी.

आता पाण्याचे. रोमला ते डोंगरांतून मैलोन्‌मैल कालव्यांनी येई. बऱ्हाणपूर शहरासाठी १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखानान यांच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने कुंडी भंडारा उभारला. सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. ते वाटेतच भुयारात धरले आणि हलक्या उताराने शहराकडे आणले. भुयारावर ओळीने शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या आहेत. त्यांतून हवा खेळते आणि सफाईला उतरता येते. पंप नाही, मोट नाही; सारे काम उतार करतो.

आमचा जन्म बँकेत गेला, म्हणून आम्हाला इथे घसारा आठवला. मालमत्ता उभी केली की ताळेबंदात दरवर्षी तिची झीज धरावी लागते. रोमच्या कालव्यांत चुन्याचे थर साचत आणि ते सतत खरवडावे लागत. इ. स. ५३७ मध्ये वेढा घालणाऱ्या गॉथ लोकांनी कालवे तोडले आणि ती भव्य स्नानगृहे कोरडी पडली. इमारती शाबूत होत्या, पाणी नव्हते.

कुंडी भंडाऱ्यातही तसाच चुना धरतो आणि भुयार अरुंद होत जाते. आसपासच्या बोअरवेलमुळे भूजलही खाली जाते. तरीही चारशे वर्षांनंतर त्यात पाणी वाहते आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याचे नाव आले. यादीत नाव येणे चांगलेच, पण चुना खरवडणारे हात त्याहून महत्त्वाचे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना घेऊन बऱ्हाणपूरला एक दिवस काढा. हमामाचे छत जरूर दाखवा, पण आधी कुंडीत वाकून खालचे पाणी दाखवा. आपल्या सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, हा प्रश्न परत आल्यावर मुलेच विचारतील.