दोन काटे, एक वही

चोपड्याच्या एखाद्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांसाठी दोन वजनकाटे आहेत, पण नोंदवही एकच, असं समजा. दोघे कारकून एकाच क्षणी शेवटचा नंबर पाहतात, 41; दोघेही 42 लिहितात. एका शेतकऱ्याची गाडी हिशेबातून गेली! संगणकात दुसरा प्रोसेसर आला की हाच धोका. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, कुलपं घालावी लागतात. 1996 च्या लिनक्स 2.0 ने सबंध कर्नेलला एकच कुलूप लावलं: एक आत, दुसरा दाराशी. मग वहीगणिक वेगळी कुलपं आली. मोठं कुलूप पुरतं निघायला 2011 उजाडलं. विंडोज एक्सपीत एका प्रोसेसरचं कर्नेल वेगळंच असे. ते बदलेपर्यंत दुसरा प्रोसेसर रिकामा बसे. एकट्या कारकुनाला कुलपाची उघडझाप कशाला, हा त्यामागचा हिशेब.