भूक मंदावली म्हणजे अग्निमांद्यच काय?

वर्षा ऋतूत 'भूक लागत नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत वाढते. या काळी अग्नी स्वभावतःच दुर्बल असतो हे प्रत्येक वैद्य जाणतो, आणि नेमके त्यामुळेच फसण्याचा संभव असतो. आम्ही स्वतः असे फसलो, ती हकीकत वैद्यबंधूंपुढे मोकळेपणाने ठेवतो.

२०१९ च्या श्रावणात ५२ वर्षांचे एक शिवणकाम करणारे गृहस्थ आमच्याकडे आले. 'डॉक्टर, अन्नावर वासनाच नाही' एवढीच तक्रार. जिव्हा साम, दिवसाकाठी सात-आठ चहा, जेवणाच्या वेळा अनिश्चित. अग्निमांद्याच्या निदानास आणखी काय हवे? हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाबरोबर तुपातून, जोडीला चित्रकादि वटी, अशी योजना केली. आठवड्यात दोन घास अधिक जाऊ लागले आणि या अल्प उपशयानेच आमची दिशाभूल केली. सहाव्या आठवड्यात त्यांची पत्नी सोबत आली. रोज सायंकाळी अंग कढत लागते, थोडा खोकलाही आहे, आणि स्वतःच्या पाटलोणीची कंबर त्यांनी दोनदा आत घेतली, असे तिने सांगितले. वजनकाटा चिकित्सालयात होता. आम्ही रुग्णास त्यावर एकदाही उभे केले नव्हते. छातीचा एक्स-रे व थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली, क्षय निघाला. घरी दोन लहान नातवंडे होती. तपासणीत दोघांनाही बाधा आढळली नाही, हे आमचे सुदैव, कर्तृत्व नव्हे.

खेदाची गोष्ट अशी की, या निदानाची दिशा मिळण्यास आधुनिक ग्रंथ उघडण्याचीही गरज नव्हती. सुश्रुताचार्यांनी राजयक्ष्म्याच्या षड्रूपांत ज्वर, श्वास, कास, शोणितदर्शन व स्वरभेद यांच्याही आधी भक्तद्वेष सांगितला आहे. चरकोक्त एकादश रूपांतही अरुची आहेच. पदवी परीक्षेत आम्ही ही लक्षणे धडाधड लिहिली होती!

तेव्हापासून आम्ही रुग्णाचे शब्द नीट ऐकू लागलो. 'भूकच लागत नाही' आणि 'भूक लागते, पण तोंडाला चव नाही' या भिन्न तक्रारी होत. पहिली अग्नीकडे बोट दाखविते, दुसरी अरोचकाकडे. अन्नाचा वासही नकोसा होऊन मळमळत असेल, तर डोळे पिवळे दिसण्याची वाट न पाहता यकृताची तपासणी करावी. काविळीपूर्वी कित्येकदा हेच लक्षण असते. पन्नाशी उलटलेला रुग्ण 'दोन घासांतच पोट भरते' किंवा 'घास खाली उतरत नाही' असे सांगू लागला, तर पाचके बाजूस ठेवून त्यास एंडोस्कोपीसाठी पाठवावे. 'कशातच मन लागत नाही, मग जेवण तरी कसे जाईल?' असे म्हणणाऱ्याचा अरोचक मानस आहे. त्याची झोप विचारावी, घरातील दुःख विचारावे, आवश्यक तर मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

अन्यत्र चालू असलेली औषधे विचारण्यास आपण संकोचतो, तसे करू नये. मेटफॉर्मिनने भूक मंदावते; डिगॉक्सिनची मात्रा अधिक झाल्याची पहिली खूण कधी कधी अन्नद्वेष हीच असते. अलीकडे सेमाग्लुटाइडची इंजेक्शने घेणारेही येतात. तेथे भूक कमी करणे हेच औषधाचे कार्य. त्यावर आपण दीपन द्रव्ये देऊन काय साधणार?

याउलट 'खातो पुष्कळ, पण अंगी लागत नाही' अशी तक्रार असेल, तर तीक्ष्णाग्नी म्हणून न थांबता थायरॉइड व रक्तशर्करा पाहावी. लहान मुलांत हा विषय 'जंत असतील' एवढ्यावर संपविला जातो. मूल सारखे पाणी मागत असेल आणि रात्री अंथरूण ओले करू लागले असेल, तर शर्करा त्याच दिवशी तपासावी. विलंब प्राणावर बेतू शकतो.

आहारविहाराची कारणे आपणांस परिचित आहेत: जेवणापूर्वीचा चहा, तंबाखू-मिशरी, अध्यशन, रात्रपाळी. (आणि उपवासाच्या दिवशी अग्नीस विश्रांती म्हणून भरपेट खाल्लेली साबुदाण्याची खिचडी!) मात्र ही कारणे सापडली म्हणून अन्य कारण नाही, असे ठरत नाही. आमच्या रुग्णाचे सात-आठ चहा खरे होते. क्षयही खराच होता.

सांप्रत आम्ही प्रत्येक भेटीत वजन नोंदवितो आणि दोन आठवड्यांत स्पष्ट लाभ न दिसल्यास तपासण्या सांगतो. खाजगी व्यावसायिकांवरही क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करण्याचे बंधन २०१२ पासून आहे. ती केल्याने रुग्णास निःशुल्क औषधे व पोषणासाठीचे अनुदानही मिळू शकते.

एक सूचना मात्र राहिली. क्षयाची औषधे सुरू झाल्यावर भूक पुनश्च मंदावली, मळमळ व पीतमूत्रता दिसू लागली, तर रुग्ण पुष्कळदा आपल्याकडेच परततो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतास बाधक ठरू शकतात. अशा वेळी चूर्ण न देता त्याच दिवशी त्यास क्षयकेंद्राकडे धाडावे आणि यकृताची तपासणी करवून घ्यावी.