गुंड्याभाऊचा चेहरा

पुस्तकातल्या माणसाला चेहरा देणे ही मोठी जोखीम आहे. वाचकाने तो मनात आधीच काढून ठेवलेला असतो! चि. वि. जोशी बडोद्यास पाली शिकवीत. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते भित्रा चिमणराव आणि त्याचा सोटाधारी भाऊ गुंड्याभाऊ यांच्यामुळे. १९४० साली ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्यामुळे सत्तरीच्या दशकाअखेर मुंबई दूरदर्शनने ही जोडी आणली, तेव्हा लोकांपाशी तुलनेला पुस्तक होते आणि बोलपटही!

या वेळी चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. १९३० साली जन्मलेले कर्वे हे मुंबई महापालिकेतले अभियंता. नोकरी सांभाळून रंगभूमीची हौस जोपासणाऱ्या पिढीतले.

गुंड्याभाऊचे काम तसे दुय्यम. फजिती चिमणरावाची, हशाही त्याचाच. पण चिमणराव भित्रा दिसतो तो शेजारी धिप्पाड, निर्धास्त गुंड्याभाऊ उभा असतो म्हणून. कर्व्यांनी हे नेमके हेरले. हसवण्याची धडपड त्यांनी केलीच नाही. आपण काही विनोदी करीत आहोत, याची त्यांच्या गुंड्याभाऊला वार्ताही नसते. आणि म्हणूनच आपण हसतो.

‘रथचक्र’, ‘कुसुम मनोहर लेले’ अशा अगदी निराळ्या धाटणीच्या नाटकांतूनही त्यांनी कामे केली. तरी लोकांच्या तोंडी राहिला तो गुंड्याभाऊच. २१ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले, तेव्हा बातम्यांतही तेच नाव पुढे होते. नटाचे स्वतःचे नाव असे मागे पडावे, हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय? मलाही बरेच दिवस तसे वाटे.

मालिका चालू होती तेव्हा मुंबई केंद्राचे चित्र आमच्या वर्ध्यापर्यंत पोचत नव्हते. इथल्या वडीलधाऱ्यांचा गुंड्याभाऊ ज्याच्या त्याच्या मनातला. म्हणून मी वर्गात आधी चि. विं.ची कथा वाचतो आणि मग मालिकेचा एखादा उपलब्ध भाग दाखवतो. गेल्या सत्रात एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझ्या मनातला गुंड्याभाऊ याच्याहून लय जाडा होता, पण आता तो आठवूनच नाही राहिला!”

वाचकहो, या दिवाळीत ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ घरात मोठ्याने वाचून पाहा. गुंड्याभाऊ बोलू लागला की कोणाचा चेहरा समोर येतो, ते कळेलच. नटाला याहून मोठे मानधन ते कोणते?