वेष्टनाचा धनी कोण?

भरतीओहोटीच्या वेगवान प्रवाहात तोंड उघडे ठेवून रोवलेले डोल जाळे वेसावे-अर्नाळ्याच्या कोळ्यांनी होडीत ओढून रिते केले, की बोंबील, मांदेली व जवळा यांच्याबरोबर शाम्पूच्या पुड्या, वेफरची पाकिटे आणि पिशव्यांच्या चिंध्याही बाहेर पडतात. आणि ती घाण निवडण्यात मोडणारा वेळ व जाळ्याची डागडुजी यांचा भुर्दंड ज्याच्या माथी बसतो, त्याचा या पुड्या निर्माण करण्यात काडीचाही संबंध नसतो.

माल विकला की कारखानदार मोकळा, वेष्टनाचे पुढे काय होते ते नगरपालिकेने पाहावे, हा जो रिवाज जगभर बिनतक्रार चालत आला होता, त्याला स्वीडनचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी 1990 साली आपल्या सरकारला सादर केलेल्या अहवालात छेद दिला. वस्तूची विल्हेवाट लावण्याचा खर्च उत्पादकावर टाकल्यास तो ती वस्तू घडवतानाच त्या खर्चाचा विचार करील, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. आणि पुढल्याच वर्षी जर्मनीने वेष्टनांविषयी तसा कायदाही केला. आपल्याकडे 2016 च्या प्लास्टिक-कचऱ्याच्या नियमांत हे तत्त्व स्पष्टपणे आले, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांच्यावर वर्षागणिक वाढणारी उद्दिष्टे कायम करण्यात आली.

परंतु नियमांना प्लास्टिकचे वजन दिसते, ठिकाण दिसत नाही. एखाद्या कंपनीने दूरच्या प्रांतात तितक्याच वजनाचे त्याच वर्गातले प्लास्टिक गोळा केल्याचे प्रमाणपत्र विकत घेतले, की कोकणच्या खाडीत वाहून गेलेल्या तिच्या पाकिटांचा हिशेब कागदोपत्री चुकता होतो. त्या कागदाचीही शाश्वती नाही: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2023 सालच्या तपासणीत अवघ्या चार कारखान्यांनी सुमारे 6 लक्ष बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे उघडकीस आले.

कोणते प्लास्टिक समुद्रास मिळते, हे जाणून घ्यायचे असेल तर भंगारवाल्याच्या दुकानात डोकवावे. पाण्याची बाटली व दुधाची पिशवी तो तोलून घेतो, कारण त्यांस गिऱ्हाईक आहे; वेफरचे पाकीट मात्र तो हातातही धरीत नाही, कारण प्लास्टिकच्या थरांना धातूचा पातळ मुलामा असा चिकटवलेला असतो की ते वेगळे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो. ज्याला मोल नाही ते कचरावेचक उचलीत नाही, आणि जे कोणी उचलीत नाही ते पहिल्या पावसात नाल्यातून खाडीत जाते.

तेव्हा उत्पादकाची खरी जबाबदारी त्या पाकिटाला मोल प्राप्त करून देण्याची आहे. मग ते एकाच जातीच्या प्लास्टिकचे करून असो किंवा त्यावर अनामत ठेवून असो. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत घेतली जाते, आणि म्हणून बहुतांश बाटल्या दुकानात परत येतात. महाराष्ट्र सरकारनेही 2018 च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीस 50 पैसे परतावा देण्याची तजवीज केली होती. परंतु पिशव्या परत घेण्याची व्यवस्थाच धडपणे उभी न राहिल्याने ती तजवीज दफ्तरातच राहिली. गोव्याने 2024 साली अनामतीची योजना अधिसूचित केली आहे, तिचीही कसोटी अंमलबजावणीतच लागेल.

प्लास्टिकविषयक जागतिक करारासाठी चाललेल्या वाटाघाटी ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हा येथे निष्पत्तीविना थांबल्या. उत्पादनावरच मर्यादा घालावी की नाही, हा त्यांतील कळीचा वाद होता. तो निकाली निघेपर्यंत आपण हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. परताव्याची सोय केल्यावाचून भंगारात मोल नसलेले वेष्टन बाजारात आणण्याची परवानगी कारखानदारास मिळता कामा नये, इतका साधा हुकूम सरकारने काढावा आणि तो निष्ठेने अमलात आणावा. कारण नफा ज्याच्या पदरात पडतो, निस्तरण्याचा खर्चही त्यानेच सोसावा, हाच न्याय आहे.